हर्णैला उघड्यावर नांगर टाकताना

दिघीहून जयगड समुद्रमार्गे जवळजवळ ६० सागरी मैल आहे. ३२ फुटी शिडाची होडी ताशी ५ मैलांनी चालली तर १२ तास, आणि सकाळचा वारा मधेच पडतो हे धरलं तर त्याहून जास्त. फेब्रुवारीत एवढा उजेड मिळत नाही. मग मधे कुठेतरी रात्र काढायची. नकाशावर दोन खाड्या दिसतात, बाणकोटला सावित्रीची आणि दाभोळला वाशिष्ठीची. एकदा आत शिरलं की दोन्ही झकास, पण दोन्हींच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. दुपारनंतर वायव्येचा वारा चढला की त्यावर लाटा फुटतात, आणि पावसाळा झाला की वाळू जागा बदलते, त्यामुळे यंदाची वाट कुठून जाते ते तिथलाच माणूस सांगू जाणे. उरतं हर्णै, जवळजवळ निम्म्या वाटेवर.

हर्णैला खाडी नाही. दक्षिणेला कनकदुर्गाचं टोक, पाण्यात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्याशी मच्छीमारी होड्यांची दाटी. वारा दक्षिणेकडचा असेल तर कनकदुर्ग थोपवतो. पण दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत दुपारी इकडे वाहतो तो वायव्येचा वारा, आणि त्या अंगाला हे बंदर उघडंच आहे. तरीही थांबायचं ठरलं. होडी काकांची. व्यापारी जहाजांवर उभी हयात काढून निवृत्त झालेले, आणि आता हौस म्हणून शीड. सोबत त्यांचा भाचा आणि मी.

निघायच्या आधी दोन गोष्टी पाहिल्या होत्या. एक म्हणजे हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज. दुपारी वारा १४ नॉट, म्हणजे ताशी १४ सागरी मैल, रात्री पडणार, लाटा वायव्येकडून मीटरभर. दुसरी गोष्ट पंचांगात. वद्य अष्टमी होती. कोकणात तिथीला पाऊणाने गुणून भरतीची वेळ काढतात. आठ पाऊणे सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे आणि ओहोटी मध्यरात्री. हर्णैला हे घड्याळ थोडं आधी चालतं, पण अंदाजाला पुरतं. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाची भरती. पाणी मीटरभरच उतरणार, ओढही कमी. उधाणाच्या दिवसांत मी तिथे थांबायला तयार झालो नसतो. आणि वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. त्याचा उपयोग पुढे झाला.

पाचच्या सुमाराला सुवर्णदुर्ग डावीकडे नीट दिसायला लागला. वारा मागून होता, १५ नॉटच्या आसपास, आणि लाटा होडीला किनाऱ्याकडे ढकलत होत्या. शिडं उतरवली, इंजिन लावलं. आता जागा निवडायची.

नजर साहजिकच जाते ती किल्ल्याच्या पूर्वेला. एवढी मोठी तटबंदी, तिच्यामागे पाणी जरा निवलेलं दिसतं, लाटांचा जोर मोडलेला. भाच्याने बोट दाखवून सांगितलं, "मामा, तिथं शांत आहे बघा." काकांनी मान हलवली. "पहाटे तीनला तिथं काय असेल ते सांग."

हा सगळा प्रश्न त्या पहाटेच्या तीनचाच असतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच शाळेच्या वहीत काढलेत, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे बाण आणि रात्री उलटा. कोकणात हे चित्र वर्षातले सात-आठ महिने जवळपास रोज खरं होतं. संध्याकाळी पाचला आम्हाला किनाऱ्यावर नेऊ पाहणारा वारा पहाटे सह्याद्रीकडून उलटा येणार होता. नांगर सुटलाच तर संध्याकाळी होडी वाळूवर जाईल, पण पहाटे ती पश्चिमेला जाईल. किल्ल्याच्या पूर्वेला नांगरलेल्या होडीच्या पश्चिमेला किल्ला असतो आणि त्याच्या पायाशी खडक. म्हणून काकांनी आडोसा सोडला आणि किल्ल्याच्या ईशान्येला, उघड्यावर जागा धरली. तिथून सुटलो तर पश्चिमेला मोकळा समुद्र होता.

मला त्या वेळी हे जरा अतीच वाटलं. समोर वारा वाहतोय एक आणि आपण जागा शोधतोय दुसऱ्याच वाऱ्यासाठी.

तेवढ्यात बंदराकडे निघालेली एक मच्छीमारी होडी जवळून गेली. लिलावाची वेळ होती. हर्णैच्या पुळणीवर सकाळी आणि संध्याकाळी माशांचा लिलाव लागतो, आणि होड्यांमधला माल बैलगाड्या पाण्यात घालून बाहेर आणतात. तांडेलाने, म्हणजे त्या होडीच्या म्होरक्याने, इंजिन मंद केलं. "रात्री इथंच ऱ्हाणार काय?" काकांनी होकार दिला. "मग अजून जरा बाहेर जावा. पहाटे आमच्या होड्या इथूनच निघतात. तिकडं तीन वाव पाणी, खाली चिखल." मग आमच्या डोलकाठीकडे पाहून हसला, दहा-बारा बांगडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून फेकले, पैशाला नको म्हणाला आणि गेला.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं तेवढं, साधारण ६ फूट. तीन वाव म्हणजे साडेपाच मीटर. आमचं खोली मोजायचं यंत्र तिथे ६ मीटर दाखवत होतं, पण भरती जवळजवळ पूर्ण होती, तेव्हा दोघांचं जुळलं. यंत्र खोली सांगतं, तळाशी काय आहे ते नाही. त्यासाठी काकांकडे शिशाचा ओळंबा आहे. त्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात कपड्यांच्या साबणाचा मऊ केलेला गोळा दाबून भरायचा आणि दोरीने तळाला टेकवायचा. वर आला तेव्हा साबणावर करडा, गुळगुळीत चिखल बसला होता, त्यात शिंपल्याचा बारीक चुरा. खडक असता तर साबण नुसता चेपून आला असता. १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा त्याच्या माणसांनीही याच पाण्यात असेच ओळंबे सोडले असणार. फरक एवढाच की त्यांच्यावर वरून तोफा चालू होत्या.

नांगर टाकण्याआधी त्या जागेभोवती एक रिंगण घेतलं. नांगरलेली होडी एका जागी उभी राहत नाही, साखळीच्या लांबीएवढ्या वर्तुळात फिरते. रात्रीत वारा उलटणार हे माहीत असताना ते पूर्ण वर्तुळ तपासायला हवं. साधारण ५० मीटर त्रिज्या धरून हळूहळू फिरलो. कुठेही खोली एकदम उडी मारून वर आली नाही. पाण्याखाली खडप नव्हतं, जाळ्याचा बोया नव्हता.

पुढचं काम नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, माझ्याकडे. खोली ६, साखळी ज्यावरून सुटते त्या नाळेच्या रोलरची पाण्यापासून उंची सव्वा मीटर, दोन्ही मिळून सव्वासात. त्याच्या पाचपट म्हणजे ३६ मीटर साखळी. आमच्याकडे ८ मिलिमीटरची ४० मीटर साखळी आणि पुढे तेवढीच नायलॉन दोरी आहे. काकांनी सुकाणूवरून ओरडून सांगितलं, "सगळी साखळी सोड, पेटीत ठेवून तिचं काय लोणचं घालायचंय?" मग ती सगळी गेली. १५ किलोचा नांगर फेकायचा नसतो, उतरवायचा असतो. वाऱ्याच्या तोंडाला होडी पूर्ण थांबली, मागे सरायला लागली, तेव्हा तो तळाला टेकवला. होडी मागे जाईल तसतशी साखळी सोडत गेलो. एकदम सोडली तर ती नांगरावरच ढीग होऊन पडते आणि त्याच्या फाळात अडकते. १५ मीटरवर जरा अडवली, नांगराला तळ धरू दिला, मग बाकीची.

नंतर काकांनी इंजिन उलट्या दिशेला टाकलं, आधी मंद, मग चांगलं २००० फेऱ्यांपर्यंत. मी साखळीवर तळहात ठेवून बसलो होतो. नांगर तळावरून घसरत असेल तर साखळीतून थरथर येते, खडबडीत रस्त्यावरून सायकल जावी तशी. आधी दोन धक्के बसले, मग काहीच नाही. साखळी ताठ, होडी जागच्या जागी, आणि किनाऱ्यावरचं एक पत्र्याचं छप्पर मागच्या माडाच्या रेषेतून हललं नाही. मी मूठ वर केली. इंजिन बंद.

साखळीला स्नबर लावला, म्हणजे साखळीत आकडा अडकवून नाळेवरच्या खुंट्यापर्यंत ६ मीटर नायलॉन दोरी. धक्का दोरी खाते, साखळी रोलरवर आदळत नाही आणि पुढच्या केबिनमध्ये झोपलेल्याचे दात वाजत नाहीत. मग काकांनी दोन बारीक गोष्टी केल्या, ज्या मी आधी कुठल्याच होडीवर पाहिल्या नव्हत्या. नांगराच्या दोरीचं आतलं टोक पेटीतल्या कडीला पातळ दोरीच्या चार वेढ्यांनी बांधलं आणि शेजारी खाचेत सुरी अडकवली. आणि एक फुगीर फेंडर, म्हणजे होडीची कड आपटू नये म्हणून लावतात तो हवेचा गोळा, लांब दोरी बांधून नाळेवर तयार ठेवला. रात्री पळायची वेळ आली आणि नांगर उचलायला उसंत नसली, तर साखळीला फेंडर बांधायचा, वेढे कापायचे, सगळं पाण्यात सोडायचं आणि निघायचं. सकाळी येऊन फेंडरवरून शोधायचं. येताना जीपीएसवर उमटलेली आमची रेघ तशीच ठेवली होती. बाहेर पडायचं ते त्याच रेघेवरून, कारण त्या वाटेवर खडक नाही हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

अंधार पडायच्या आत खिचडी टाकली आणि बांगडे तव्यावर. उशीर केला असता तर जेवण झालंच नसतं, कारण साडेआठला वारा पडला.

वारा पडला म्हणजे सुख असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं. वारा असतो तोवर होडी नाळ त्याच्याकडे करून उभी असते. आमचा वारा आणि लाटा दोन्ही वायव्येकडून, त्यामुळे संध्याकाळभर ती नुसती नाक वरखाली करत होती. वारा गेला, लाटा राहिल्या. हिवाळ्यात अरबस्तानाकडे शमाल नावाचा वायव्येचा वारा उठतो, त्याने तयार झालेल्या लाटा समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी यावर बराच अभ्यास केला आहे. इथे झाडाचं पान हलत नसतानाही त्या येतात. होडी लाटांना आडवी झाली आणि कुशीवर त्या घ्यायला लागली. डावीकडे, उजवीकडे. फडताळातला एकच चमचा दर फेरीला खण् करून वाजायचा, आणि तो नेमका कुठे आहे ते सापडेना. भाच्याने खिचडी परत केली, समुद्राला.

यावर उपाय आहे. दुसरा, हलका नांगर लहान बोटीतून मागे नेऊन टाकायचा आणि होडी दोन नांगरांमध्ये ताणून, नाळ लाटांकडे करून धरायची. भाचा अर्थातच त्या बाजूचा. "मामा, टाकूया ना. मी वल्हवतो." खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. काका नाही म्हणाले, आणि त्यांचं कारण मला आजही पटतं. दोन नांगरांवरची होडी वाऱ्याबरोबर फिरू शकत नाही. पहाटे मतलई आली की तिचा सगळा भार त्या मागच्या हलक्या नांगरावर येणार. तो सुटला तर तो तळावर फरफटत, आपली साखळी गोळा करत येणार. आणि अंधारात निघायचं झालं तर सोडवायच्या दोरखंडाची संख्या दुप्पट. खाडीत, बंदिस्त पाण्यात दोन काय तीन नांगर टाका. उघड्यावर झोपेची सोय बघायची नसते, निघण्याची बघायची असते. बंदरात भेटणारे बरेच हौशी लोक नांगर किती किलोचा यावर तासभर बोलतात, निघायचं कसं यावर पाच मिनिटंही नाही.

झोपायची जागा मात्र बदलली. बाकांवर झोपणं अशक्य होतं, तेव्हा केबिनच्या जमिनीवर, बरोबर मधोमध, शिडांच्या पिशव्यांमध्ये अंग ठोकून बसवलं. तिथे डोलणं सगळ्यात कमी.

रात्रीचा पहारा तीन-तीन तासांचा. डोलकाठीच्या टोकाला नांगरलेल्या होडीचा पांढरा दिवा होताच, पण मच्छीमाराची नजर पाण्यालगत असते, ४० फूट वरचा दिवा त्याला ताऱ्यासारखा. म्हणून एक कंदील डोळ्यांच्या उंचीवर टांगला. दहाच्या सुमाराला गस्तीची बोट आली. २६/११ नंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी रात्रभर उभी राहिली की चौकशी होणारच, आणि व्हावी. ओळखपत्रं आणि नोंदणीची कागदपत्रं काकांनी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत वरच ठेवली होती. त्यांनी पाहिली, कुठून कुठे ते विचारलं, वायरलेस सोळा नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा म्हणून सांगितलं.

माझा पहारा बारा ते तीन. दर पंधरा मिनिटांनी दोन खुणांवर होकायंत्र धरायचं, कनकदुर्गावरचा दीपस्तंभ आणि किल्ल्याचा उत्तरेकडचा कोपरा. मोबाइलवर नांगराचा गजर लावलेला होता, होडी ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा. तो लावताना नांगर जिथे तळाला टेकला ती जागा मध्य धरावी लागते, होडी आता जिथे आहे ती नाही. नाहीतर होडी फिरली की गजर उगीच बोंबलतो, आणि मग माणूस तो बंद करून टाकतो. तरी माझा जास्त विश्वास दीपस्तंभावर. बारानंतर सह्याद्रीमागून अर्धा चंद्र वर आला आणि किल्ल्याची कड पुसट दिसायला लागली.

अडीचच्या सुमाराला गालाला गार लागलं. पूर्वेकडून. त्यात वास होता, जळलेल्या गवताचा आणि आंब्याच्या मोहोराचा. समुद्रावर जमिनीचा वास आला की काय येतंय ते कळतंच. मी काकांना उठवायला गेलो तर ते उठून बसलेलेच होते.

दहा मिनिटांत वारा १८ नॉटपर्यंत चढला. होडीने नाळ पूर्वेकडे वळवली आणि मागे, पश्चिमेला जायला लागली. साखळी आधी सैल पडली होती, ती आता तळावरून ओढली जाताना ऐकू येत होती, कुरकुर अशी, होडीच्या लाकडातून. मी पुन्हा तळहात ठेवला. होडी नांगरावरून पलीकडे गेली, साखळी ताठ झाली आणि मग ती थरथर आली. सलग. नांगर उलटा ओढला जाऊन चिखलातून निघाला होता. काकांनी इंजिन सुरू केलं, पण गिअर टाकला नाही. "थांब. धरू दे त्याला." दीपस्तंभाची दिशा सरकत होती. मी मनात किल्ल्याची जागा पाहत होतो, तो दक्षिणेला, बाजूला होता. आमच्या मागे फक्त काळं पाणी. आडोशाला थांबलो असतो तर त्या थरथरीच्या वेळी मागे तटबंदी असती, आणि "थांब" म्हणायला कोणाची छाती झाली नसती.

एक जोरदार हिसका बसला, नाळ खाली दबली, स्नबर लांबला. थरथर बंद. दीपस्तंभ जागच्या जागी. जीपीएसवर पाहिलं तर नांगर आठ-दहा मीटर सरकून पुन्हा रुतला होता. इंजिन तरी अर्धा तास चालूच ठेवलं.

आणि गंमत म्हणजे त्यानंतर झोप लागण्याजोगी स्थिती झाली. मतलईने होडीची पिछाडी लाटांकडे वळवली, त्यामुळे कुशीवरचं डोलणं संपलं. पहाटे साडेचारला शेजारून फटफट करत होड्या निघाल्या, तांडेलाने सांगितलेल्या वाटेनेच, आमच्यापासून चांगल्या लांबून.

सहाला नांगर उचलला. होडी हळूहळू पुढे घ्यायची, साखळी उभी झाली की अडवून धरायची, लाटेने नाळ उचलली की नांगर आपोआप सुटतो. हाताने ओढत बसणाऱ्याची कंबर जाते. शेवटच्या १५ मीटरवर चिखलाचं जाड लिंपण, आणि फाळावर दोन घमेली तरी चिखल. तो वर घेऊन चालत नाही, सुकल्यावर आठवडाभर वास मारतो. नांगर पाण्यात अर्धा लोंबकळत ठेवून होडी दोन मिनिटं चालवली, तो धुऊन निघाला. उरलेला बादलीने.

मतलईवर, सपाट पाण्यात, होडी साडेपाच मैलांनी दक्षिणेला धावत होती. किनाऱ्यावर बैलगाड्या लागल्या होत्या. भाचा बाहेर येऊन बसला, चहाचा कप दोन्ही हातांत धरून.

"मामा, परत येताना बाणकोटला आत जाऊ. दांड्यावर पाणी असेल तेव्हा."

"आज थांबायचं असतं तर पाणी कधी आहे?"

त्याने बोटांवर मोजलं. "नवमी. नऊ पाऊणे... पावणेसात."

"सूर्य कधी बुडतो?"

"साडेसहा."

"मग कर हिशेब," म्हणून काकांनी बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला.